वाचणे आणि उमजणे



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावले तेव्हा आम्ही कामगार चळवळीवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा असावी. ज्या जिल्ह्यात कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत, वीज केंद्र आहे, तेथे त्या विषयाला तोटा नाही. तरी आम्ही विषय कळवला तो दहावीच्या मुलांचा. आशय, सारांश, निवेदक, वाच्यार्थ, लक्ष्यार्थ, व्यंग्यार्थ, अनुमान, व्याख्या या संज्ञांची उजळणी. पत्रिका वाचून एक गृहस्थ म्हणाले म्हणे, "युनियनवाल्याने आता शिकवणी वर्ग काढला की काय ?" वर्ग काढलेला नाही. पण परीक्षेत चार-दोन गुणांसाठी पाठ केल्या जाणाऱ्या या शब्दांवर आमच्या भागात माणसांची रोजी अडलेली आम्ही पाहिली आहे, आणि एका प्रकरणात तर अख्खे जंगल अडलेले पाहिले आहे. म्हणून हा विषय.

आम्ही पंडित नव्हे. आमची शाळा लवकर सुटली आणि पुढचे वाचन युनियनच्या कचेरीतील बाकावर झाले. ग्रंथपालाने जे दिले ते वाचले, वकिलाने जे टाकून दिले तेही वाचले. तेव्हा मम्मटाचा काव्यप्रकाश येथे उलगडून दाखवला जाईल अशा आशेने कोणी आले असेल तर त्यांनी उन्हात उगाच पायपीट केली असे होईल.

हल्ली दहावीला मराठीची कृतिपत्रिका असते. तीत उतारा येतो, खाली आकलनाच्या कृती येतात, शेवटी 'स्वमत' येते. आमच्या वस्तीतील मुले या कृती सोडवताना आम्ही पुष्कळ वेळा पाहतो. मुले हुशार आहेत. पण त्यांची एक सवय पक्की झाली आहे. प्रश्नातील एखादा शब्द उताऱ्यात जेथे सापडेल तेथली ओळ उचलायची आणि उत्तरात ठेवून द्यायची. गुणही मिळतात. याला आम्ही शब्द शोधणे म्हणतो. दाण्यातून खडे वेचायला जशी नजर लागते तेवढीच नजर याला लागते. वाक्य काय म्हणते आहे, कोणाच्या तोंडून म्हणते आहे आणि काय म्हणायचे टाळते आहे, हे पाहण्याची वेळ त्यात येतच नाही.

पहिली जोडी घ्या : विषय आणि आशय. मुलांना हे दोन्ही एकच वाटतात. कारखान्याच्या फलकावर सूचना लागते. वर ठळक अक्षरांत लिहिलेले असते, 'विषय : उपाहारगृहाचे नूतनीकरण'. पहिल्या चार ओळींत नव्या फरशा, नवे पंखे, स्वच्छतेचे महत्त्व. सहाव्या ओळीत असते की पुढील महिन्यापासून चहा व जेवण बाजारभावाने मिळेल. विषय नूतनीकरणाचा खरा. पण आशय सहाव्या ओळीत आहे. आणि सारांश सांगा म्हटले तर शंभरातील नव्वद माणसे पंख्यांचा सारांश सांगतात, कारण पंख्यांना ओळी जास्त दिलेल्या असतात. सारांश म्हणजे मजकुराचे वजन तोलणे, ओळींची संख्या मोजणे नव्हे. हे ज्या मुलाला एकदा कळले त्याला 'उताऱ्यास योग्य शीर्षक द्या' हा प्रश्न अवघड जात नाही.

आता निवेदक. हा शब्द मुलांना कथेच्या धड्यात भेटतो. कथा लिहिणारा तो लेखक आणि कथेत 'मी' म्हणून बोलणारा तो निवेदक. दोघे एक असतीलच असे नाही. लेखक साठ वर्षांचे गृहस्थ असतील आणि कथेतला 'मी' दहा वर्षांचा पोर असेल. एवढे सांगून शिक्षक पुढे जातात. आम्ही मात्र येथे थांबणार आहोत, कारण या भेदाची खरी किंमत आम्हाला कथेत कळली नाही. एका ठेकेदाराच्या कचेरीत कळली.

काही वर्षांपूर्वी एका ठेकेदाराकडील अकरा मजुरांचे काम सुटले. मजूर म्हणत, आम्हाला काढले. ठेकेदाराने अकरा कागद पुढे केले. प्रत्येकावर मजकूर असा होता की, मी खाली सही करणार, स्वखुशीने व कोणाच्याही दबावाविना काम सोडत आहे, माझा पूर्ण हिशेब मिळाला असून माझे काहीही येणे राहिलेले नाही. खाली सही किंवा अंगठा. कागद वाचला की प्रकरण संपलेच असे वाटते. 'मी' म्हणतो आहे ना ?

आता आमचा विद्यार्थी येथे काय विचारील ? हा 'मी' कोण ? निवेदक मजूर आहे; तोच 'मी' म्हणून बोलतो. पण लेखक कोण ? अकरा कागदांवर हस्ताक्षर एकच होते. शाई एकच. 'स्वखुशीने' हा शब्द अकराही ठिकाणी 'स्वखूषीने' असा लिहिलेला होता. म्हणजे अकरा माणसांनी वेगवेगळ्या कारणांनी, वेगवेगळ्या घरांत बसून, एकाच दिवशी, एकाच चुकीसह आपली खुशी व्यक्त केली ! आणि त्या अकरांपैकी चौघे अंगठा करणारे होते.

यालाच पाठ्यपुस्तकात अनुमान म्हणतात. अनुमान म्हणजे मनाला येईल तो तर्क नव्हे. ठेकेदार वाईट आहे हे आमचे मत होते. ते सुनावणीत कोणी ऐकले नसते. हस्ताक्षर, शाई, शब्दाची चूक आणि तारीख ही चार गोष्टी कागदावरच होत्या, आणि त्यांतून निघणारे अनुमान मात्र ऐकावे लागले. मत आपल्या खिशातून येते, अनुमान समोरच्या मजकुरातून येते. पुढे मजुरांचा थकलेला हिशेब निघाला. सगळा निघाला असे नाही, पण निघाला. त्या अकरांपैकी एकाची मुलगी तेव्हा शाळेत होती. तिला 'निवेदक म्हणजे काय' हे कोणी विचारले, तर तिला व्याख्या पाठ करावी लागणार नाही, एवढे आम्ही सांगू शकतो.

शब्दाच्या तीन शक्तींचे प्रकरण मुलांना सर्वांत रुक्ष वाटते. अभिधा, लक्षणा, व्यंजना. अभिधेने कळतो तो वाच्यार्थ, लक्षणेने लक्ष्यार्थ, व्यंजनेने व्यंग्यार्थ. जुन्या ग्रंथांतून गंगेवरील गवळीवाड्याचे उदाहरण येते. वस्ती नदीच्या पाण्यावर कशी असेल, म्हणून 'गंगेच्या काठी' असा अर्थ घ्यायचा. उदाहरण उत्तम आहे, पण गंगा आमच्यापासून फार लांब. आमच्याकडे वर्धा आहे, इरई आहे, वैनगंगा आहे. आणि संप लांबला की लोक म्हणतात, 'या महिन्यात बल्लारपूर उपाशी झोपले.' गाव काही झोपत नाही, जेवतही नाही. गावातली माणसे उपाशी झोपली. वाच्यार्थ जुळत नाही म्हणून आपण शेजारचा अर्थ घेतो, तो लक्ष्यार्थ.

व्यंजनेची गोष्ट निराळी. तेथे वाच्यार्थ नीट जुळतो आणि तरी वर आणखी काही निघते. 'भोंगा झाला' हे दोन शब्द घ्या. अर्थ सरळ आहे. पण खाणीच्या वसाहतीत ते घरधन्याने ऐकले तर अर्थ 'डबा भर'. घरधनिणीने ऐकले तर 'रात्रपाळीवाला आता सुखरूप वर आला असेल'. टपरीवाल्याने ऐकले तर 'दूध चढव'. हजेरीच्या खिडकीपाशी धावत येणाऱ्याने ऐकले तर 'अर्धा दिवस गेला'. आणि भलत्या वेळी झाला, तर साऱ्या वसाहतीच्या पोटात गोळा येतो. तेव्हा त्याचा अर्थ कोणी कोणाला समजावून सांगत नाही. शब्द तेच. ऐकणारा कोण, वेळ कोणती, यावर व्यंग्यार्थ ठरतो. ज्या मुलाच्या घरी भोंगा ऐकू येतो त्याला व्यंजना शिकवायची नसते. तुला ती येतेच आहे आणि तिला हे नाव आहे, एवढेच सांगायचे असते.

व्यंग्यार्थ फक्त रसिकांनाच कळतो असा एक समज आहे. तो खरा नाही. राज्यकर्त्यांनाही तो चांगला कळतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजने 1942 साली चिमूर भागात घुमत होती. निर्जीव वस्तूही लढ्यात शस्त्रांचे रूप घेतील अशा भावाचे त्यांचे भजन प्रसिद्धच आहे. वाच्यार्थाने पाहिले तर तो निव्वळ चमत्कार आहे. चमत्कार सांगणे कोणत्याही कलमाखाली गुन्हा नाही. पण 16 ऑगस्ट 1942 रोजी चिमूर पेटले, आणि त्याच महिन्यात महाराजांना चंद्रपूर येथे अटक झाली. इंग्रज सरकारच्या रसग्रहणात कमतरता होती असे निदान आम्हाला म्हणता येत नाही.

नाटकातील संज्ञांबद्दल आम्ही फार बोलणार नाही, कारण श्रोत्यांपैकी निम्मे आमच्यापेक्षा जास्त जाणतात. देसाईगंज-वडसा हे आमच्या झाडीपट्टी रंगभूमीचे माहेरघर. दिवाळीनंतर मंडप पडतात, रात्रभर नाटक चालते, दंडारीची परंपरा त्यामागे आहे. या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. या मंडपात बसलेल्या आमच्या बाईमाणसाला 'स्वगत' शब्द माहीत नसेल. पण खलनायक प्रेक्षकांकडे वळून बोलू लागला की ते रंगमंचावरच्या इतरांना ऐकू जात नाही, हा करार तिला पक्का ठाऊक असतो. दाराआड कोण लपले आहे हे आपल्याला माहीत आहे आणि नायकाला माहीत नाही, यातून जो जीव टांगणीला लागतो त्याला समीक्षक लांबलचक नाव देतात. मंडपातली माणसे नायकाला ओरडून सावध करतात. समज तीच आहे.

आता ज्या प्रकरणासाठी आम्ही हा विषय घेतला त्याकडे येतो. संज्ञा आहे 'व्याख्या'.

झाड म्हणजे काय ? हा प्रश्न तिसरीच्या मुलाला विचारा. बांबू झाड आहे का, हे बुरडाला विचारा. वनस्पतिशास्त्रज्ञाला विचाराल तर तो सांगेल की बांबू हा गवताच्या कुळातला. ज्वारी-धानाचा तो भाऊबंद. पण 1927 च्या भारतीय वन कायद्यात कलम 2 मध्ये 'झाड' या शब्दाची व्याख्या दिली होती. तीत म्हटले होते की झाड या संज्ञेत ताड, बांबू, खुंट, झुडपे आणि वेत यांचा समावेश होतो.

येथे विद्यार्थ्याने थांबून एक गोष्ट पाहावी. व्याख्या दोन तऱ्हेच्या असतात. एक 'म्हणजे'ची आणि दुसरी 'समावेश होतो'ची. 'म्हणजे' आले की कुंपण पडले. आतले आत, बाहेरचे बाहेर. 'समावेश होतो' आले की जे एरवी बाहेर उभे होते त्याला हात धरून आत घेतले. आंब्याचा झाडात समावेश होतो असे कोणी लिहीत नाही, कारण ते सांगावे लागत नाही. बांबूचा समावेश होतो असे लिहावे लागले, यातच लिहिणाराला ठाऊक होते की लोक बांबूला झाड म्हणत नाहीत. तोडलेल्या झाडाच्या खुंटालाही तेथे झाड म्हटले आहे, यावरून काय ते समजा. ही व्याख्या निसर्गाचे वर्णन करीत नव्हती, ती ताबा सांगत होती. झाड ठरले की इमारती लाकडाचे नियम आले, तोडीचा परवाना आला, वाहतुकीचा पास आला. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलातला बांबू कागदाच्या गिरणीला जात राहिला आणि बांबूच्या राशीत जन्मलेल्या माणसाला टोपलीपुरता बांबू निस्ताराच्या हिशेबाने मागावा लागला. बांबूपासून झालेल्या कागदावरच हे नियम छापले जात असतील, अशी एक शंका आमच्या मनात नेहमी येते. तिचा पुरावा आमच्यापाशी नाही, म्हणून ती अनुमानात धरू नये.

पुढे 2006 साली वनहक्क कायदा झाला. त्यात 'गौण वनउपज' या संज्ञेची व्याख्या आहे. वनस्पतीपासून मिळणारे, पण इमारती लाकूड नसलेले सर्व वनउत्पादन, आणि त्यात बांबू, झुडपे, खुंट, वेत, मध, मेण, लाख, तेंदूपाने इत्यादी. विद्यार्थ्यांनो, दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचा. बांबू, झुडपे, खुंट, वेत हे चारही शब्द 1927 च्या यादीत 'झाडा'त होते. तेच चार शब्द उचलून 2006 च्या यादीत 'गौण वनउपजे'त ठेवले आहेत. जुन्या यादीतला एकटा ताड मागे राहिला. हा योगायोग असेल असे आम्हाला वाटत नाही. ज्याने नवी व्याख्या लिहिली त्याच्यासमोर जुनी उघडी होती. एक मजकूर दुसऱ्या मजकुराला उत्तर देत असतो, हे साहित्याच्या वर्गात सांगतात. येथे ते कायद्यात दिसते.

पण कागदावर शब्द हलला म्हणून जंगलात बांबू हलत नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गाव आपणांस ठाऊक आहे. त्या गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. हक्क मिळाला, पण बांबू विकून बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि तो कोणी द्यावा यावर गाडे अडले. एका बाजूला 1927 ची व्याख्या, दुसऱ्या बाजूला 2006 ची. बांबू झाड की गवत, हा वाद दिल्लीपर्यंत गेला. अखेर एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले.

हे गाव येथवर कसे पोचले याची कारणे पुष्कळ आहेत. देवाजी तोफा यांच्यासारखी माणसे आहेत, मोहन हिराबाई हिरालाल यांची सोबत होती, एकमताने निर्णय घेण्याची रीत आहे. आमच्या विषयापुरते सांगायचे तर त्या गावात अभ्यासगट होते. माणसे एकत्र बसून एकेका प्रश्नाचा, एकेका कागदाचा काथ्याकूट करीत. ज्यांची घरची भाषा गोंडी त्यांनी मराठीतील सरकारी कागद असे फोडून पाहिले. त्यांची घोषणाही वाचण्यासारखी आहे : 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.' पहिल्या अर्ध्यात 'आमचे', दुसऱ्या अर्ध्यात 'आम्हीच'. 'सरकार' शब्द दोन्हीकडे तोच. पण पहिले सरकार आपल्या मालकीचे, आणि दुसरे सरकार आपण स्वतः. पहिल्या अर्ध्यात बंड नाही, दुसऱ्या अर्ध्यात विनंती नाही. दहावीच्या मुलाला 'शब्दयोजनेचे सौंदर्य स्पष्ट करा' असे विचारायचे असेल तर ही एक ओळ पुरेशी आहे.

बांबूची कथा येथे संपत नाही. 2017 साली वटहुकूम निघाला, नंतर दुरुस्ती झाली, आणि 1927 च्या कायद्यातील 'झाडा'च्या व्याख्येतून बांबू हा शब्द गळला. नव्वद वर्षांनी बांबू कायद्यानेही गवत झाला. वर्तमानपत्रे वाचून पुष्कळांना वाटले, आता बांबूला सगळीकडे मोकळीक. येथे पुन्हा वाचन कच्चे पडते. त्याच कलमात 'वनउत्पादन' या संज्ञेची व्याख्या आहे आणि तीत जंगलात सापडणाऱ्या, झाड नसलेल्या वनस्पतीही येतात, गवतसुद्धा. म्हणजे शेतातला, बांधावरचा बांबू सुटला. जंगलातला बांबू झाड म्हणून आत होता, तो आता वनस्पती म्हणून आत राहिला. एक शब्द वाचून निघून जाणाराला हे कळणार नाही. कलमाची व्याप्ती पाहणाराला कळेल. उताऱ्यातील अधोरेखित शब्दाचा अर्थ 'संदर्भाने सांगा' असे कृतिपत्रिकेत म्हणतात ते याचसाठी.

शिक्षकांना आमची एक विनंती आहे. भामरागड-एटापल्लीकडील पोर माडिया बोलत वर्गात येते, मुलचेरा-चामोर्शीकडे बंगाली घरे आहेत, सिरोंच्याला तेलुगू आहे, आणि उरलेल्यांपैकी पुष्कळांच्या घरी झाडीबोली आहे. या मुलांना पुस्तकी मराठीचा उतारा म्हणजे आधीच दुसऱ्याचे आंगण. तेथे 'लक्षणा' हा शब्द आधी आणि अर्थ मागाहून, असा क्रम ठेवला तर पोर दारातूनच परत जाते. त्याच्या बोलीतले एक वाक्य त्याच्याकडूनच घ्यावे. त्यात वाच्यार्थ कोणता आणि म्हणायचे काय आहे, हे त्याला विचारावे. ते उत्तर देईल. मग सांगावे, याला मराठीत अमुक म्हणतात. संज्ञा मागून आली तर ती मुलाची होते. आमच्या रात्रपाळीच्या मंडळींना आम्ही असेच शिकवले, आणि त्यांतले काही आता करारनाम्याचा मसुदा हाती आला की पहिल्यांदा व्याख्येचे पान उघडतात. व्यवस्थापनाला याचा त्रास होतो असे ऐकतो.

राहिले 'स्वमत'. उतारा संपला की मुलाला त्याचे मत विचारतात. ही चांगली गोष्ट आहे. आमच्या वेळी कोणी विचारीत नसे. पण ते मत उताऱ्याच्या शेवटी विचारतात, सुरुवातीला नाही, हे मुलांनी ध्यानात घ्यावे. आधी समोरच्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत, त्याला मान्य होईल असे सांगता आले पाहिजे. मग खुशाल विरोध करा. वाटाघाटीच्या टेबलावर आम्ही हाच नियम पाळतो. मालकाचे म्हणणे मालकापेक्षा नीट मांडून दाखवले की तो जरा वेळ गप्प बसतो, आणि तेवढ्या वेळात आपले म्हणणे मांडून होते.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले. त्याचा व्यंग्यार्थ आमच्या ध्यानात आला आहे. रविवारी सकाळी 10 वाजता युनियनच्या कचेरीत आम्ही काही मंडळी मुलांबरोबर बसतो. ज्यांना यायचे असेल त्यांनी पाठ्यपुस्तक आणावे आणि घरातला एक कागदही आणावा. विजेचे बिल, विम्याची पावती, बँकेचे पत्र, शाळेची सूचना, काहीही चालेल. मागच्या रविवारी एका मुलाने गावच्या तेंदू फळीवरची नोटीस आणली होती. तिच्यातला कर्ता कोण यावर दीड तास गेला आणि अजून एकमत झालेले नाही.